सवलतीचे करार आणि तिऱ्हाइतांवरील जकात

दोन किंवा अधिक देश जेव्हा परस्परांच्या मालावरील आयात-जकात कमी करण्याचे किंवा अजिबात काढून टाकण्याचे ठरवितात आणि इतर देशांच्या मालाला मात्र ही सवलत देत नाहीत, तेव्हा त्या व्यवस्थेला प्राधान्य व्यापार करार असे म्हणतात. अशा कराराची चर्चा बहुधा त्यात सामील झालेल्या देशांपुरतीच होते. कोणाचा माल कोणाच्या बाजारात गेला, कोणाचे कारखाने वाढले आणि कोणाचे बसले, याचे हिशेब मांडले जातात. जो देश करारात नाही त्याच्या मालावरील जकातीचे पुढे काय झाले, हा प्रश्न मागे पडतो. वस्तुतः करार करणाऱ्या देशाचे स्वतःचे हिताहितही बऱ्याच अंशी या प्रश्नाच्या उत्तरावरच अवलंबून असते.

हे का, ते एका साध्या हिशेबावरून ध्यानात येईल. समजा, एका देशात छत्र्या बाहेरून येतात. दूरच्या देशातील छत्री बंदरात १०० रुपयांना पडते, शेजारच्या देशातील ११५ रुपयांना. दोहोंवर २० टक्के जकात आहे. म्हणजे पहिली १२० रुपयांना आणि दुसरी १३८ रुपयांना पडेल. साहजिकच व्यापारी दूरच्या देशाची छत्री आणतील आणि सरकारला दर छत्रीमागे २० रुपये मिळतील. आता शेजारी देशाशी करार होऊन त्याच्या छत्रीवरील जकात माफ झाली. ती ११५ रुपयांना मिळू लागली. ग्राहकाचे ५ रुपये वाचले, परंतु सरकारचे २० रुपये बुडाले. जी वस्तू देशाला १०० रुपयांत मिळत होती, तिच्यासाठी आता ११५ रुपये बाहेर जाऊ लागले. कॅनडात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ जेकब वायनर यांनी १९५० साली जकात संघांवरील आपल्या ग्रंथात हा भेद प्रथम स्पष्टपणे मांडला. करारामुळे देशातील महाग उत्पादनाची जागा भागीदाराच्या स्वस्त मालाने घेतली, तर ती व्यापार-निर्मिती. तिऱ्हाइताच्या स्वस्त मालाची जागा भागीदाराच्या महाग मालाने घेतली, तर ते व्यापार-विचलन. त्यापूर्वी जकातीतील कोणतीही कपात म्हणजे मुक्त व्यापाराच्या दिशेने पडलेले पाऊल, असे सरसकट मानले जात असे.

हाच हिशेब थोडा पुढे नेला पाहिजे. समजा, करारानंतर सरकारने दूरच्या देशाच्या छत्रीवरील जकात २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणली. ती छत्री ११० रुपयांना पडू लागेल, शेजाऱ्याच्या छत्रीहून स्वस्त ठरेल, ग्राहकाचे आणखी ५ रुपये वाचतील आणि सरकारला दर छत्रीमागे १० रुपये पुन्हा मिळू लागतील. मग सरकार तसे का करणार नाही? देशी छत्री-कारखानदाराचे संरक्षण हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. कारण शेजाऱ्याच्या मालाने बाजारभाव ११५ वर आधीच आणून ठेवला आहे. तिऱ्हाइतावरील २० टक्क्यांची जकात आता देशी कारखानदाराच्या फारशी उपयोगाची राहिलेली नाही. ती राखली गेली तर शेजारच्या देशातील कारखानदारासाठी राखली जाईल. प्राधान्य करारांच्या इतिहासातील बराचसा गुंता या एका गोष्टीत आहे. दोन दरांमध्ये जे अंतर पडते ते कोणाच्या तरी मिळकतीचे साधन बनते आणि ज्याची ती मिळकत असते तो तिची राखण करतो.

हे अंतर निर्माण करण्याचे मार्गही दोन आहेत. मित्रावरील जकात उतरविता येते, किंवा मित्रावरील जकात आहे तेथेच ठेवून तिऱ्हाइतावरील चढविता येते. १९३० नंतरच्या दशकात ब्रिटिश साम्राज्याने मुख्यतः दुसरा मार्ग पत्करला. १९३२ च्या मार्च महिन्यात ब्रिटनने आपले जुने मुक्त व्यापाराचे धोरण सोडून बहुतेक परदेशी मालावर १० टक्के जकात बसविली आणि त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये कॅनडातील ओटावा येथे साम्राज्यातील देशांची परिषद भरवून परस्पर सवलतींचे करार केले. पूर्वी जकातच नसलेल्या मालावर परक्यांपुरती जकात बसवावयाची आणि आपल्यांना ती माफ केली म्हणून उपकार मोजावयाचे, असा हा प्रकार होता. हिंदुस्थानानेही ब्रिटिश मोटारींना साडेसात टक्के आणि इतर अनेक वस्तूंना १० टक्के सवलत दिली. ती १ जानेवारी १९३३ पासून अमलात आली.

कापडाच्या बाबतीत या व्यवस्थेचा प्रारंभ ओटावापूर्वीच झाला होता. जपानी कापडाच्या स्पर्धेने मुंबईच्या गिरण्या मेटाकुटीला आल्या होत्या आणि संरक्षणाची मागणी करीत होत्या. १९३० साली सरकारने ते संरक्षण दिले. मात्र ब्रिटिश कापडावर १५ टक्के आणि इतर देशांच्या कापडावर २० टक्के असे दोन दर ठेवून दिले. पंडित मदनमोहन मालवीय आणि त्यांचे सहकारी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात या भेदाला कसून विरोध केला. देशी उद्योगाला संरक्षण हवे होते, पण लँकेशायरला सवलत हा त्याचा मोबदला त्यांना मान्य नव्हता. विधेयक संमत झाले, आणि एकदा दोन दर निर्माण झाल्यावर त्यांतील अंतर वाढतच गेले. ब्रिटिश कापडावरील जकात अधिभारांसह २५ टक्क्यांवर पोचली. बिगर-ब्रिटिश कापडावरील जकात १९३२ च्या ऑगस्टमध्ये ५० टक्के आणि १९३३ च्या जूनमध्ये ७५ टक्के करण्यात आली. बिगर-ब्रिटिश हा शब्द कायद्याच्या भाषेतला. व्यवहारात त्याचा अर्थ जपानी एवढाच होता.

जपानने उत्तर दिले ते कापडाने नव्हे, कापसाने. हिंदी कापसाचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक जपान होता. आखूड धाग्याचा जो कापूस लँकेशायरच्या चात्यांना मानवत नसे तो ओसाकाच्या गिरण्या घेत. १९३३ च्या उन्हाळ्यात जपानी गिरणीमालकांनी हिंदी कापसाची खरेदी बंद केली. जगभरच्या मंदीने आधीच कोसळलेल्या भावांत वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याला हा नवा तडाखा होता. जकातीचा लाभ लँकेशायरला आणि काही अंशी मुंबईच्या गिरण्यांना मिळाला. त्याची किंमत मोजणारा कापूस-उत्पादक या व्यवहारात कोठेच पक्षकार नव्हता. अखेर सिमला आणि दिल्ली येथे दीर्घ वाटाघाटी होऊन १९३४ च्या जानेवारीत समझोता झाला. जपानी कापडावरील जकात ५० टक्क्यांवर उतरली, आणि जपानने वर्षाला १५ लाख गाठी कापूस घेतल्यास त्याला ४० कोटी वार कापड पाठविता येईल, असे प्रमाण बांधून देण्यात आले. त्याआधी, १९३३ च्या ऑक्टोबरमध्ये, मुंबईच्या गिरणीमालक संघाचे अध्यक्ष होमी मोदी आणि लँकेशायरच्या शिष्टमंडळाचे नेते सर विल्यम क्लेअर-लीस यांच्यात करार होऊन ब्रिटनपेक्षा इतर देशांच्या मालाविरुद्ध अधिक संरक्षण असावे, हे तत्त्व मुंबईने मान्य केले होते. अहमदाबादच्या गिरणीमालकांना मात्र ते रुचले नाही.

महायुद्धानंतर नवी व्यापार व्यवस्था उभारताना या अनुभवाची आठवण ताजी होती. ३० ऑक्टोबर १९४७ रोजी जिनीव्हा येथे २३ देशांनी जकाती आणि व्यापार यांविषयीच्या सर्वसाधारण करारावर, म्हणजे ‘गॅट’वर, सह्या केल्या, भारत हा त्यांपैकी एक होता. त्याच्या पहिल्याच कलमाने एका सदस्याला दिलेली सवलत सर्वांना दिली पाहिजे, हा नियम घातला. जुन्या सवलती लगेच रद्द झाल्या नाहीत, पण दोन दरांतील अंतर यापुढे वाढविण्यास बंदी झाली. २४ व्या कलमाने मात्र या नियमाला एक मोठा अपवाद ठेवला. काही देशांना मुक्त व्यापार क्षेत्र किंवा जकात संघ स्थापन करता येईल. अट एवढीच की त्यांनी आपसांतील जवळजवळ सर्व व्यापार खुला करावा आणि तिऱ्हाइतांवरील जकाती, एकंदरीने पाहता, पूर्वीपेक्षा चढ्या असू नयेत. विकसनशील देशांना १९७९ साली याहून सैल नियम मिळाले.

मुक्त व्यापार क्षेत्र आणि जकात संघ यांतील भेद येथे नीट समजून घेतला पाहिजे. मुक्त व्यापार क्षेत्रातील प्रत्येक देश तिऱ्हाइतावरील आपापली जकात स्वतः ठरवितो. जकात संघात सर्वांची मिळून एकच बाह्य जकात असते आणि ती बदलावयाची तर सर्वांची संमती घ्यावी लागते.

पश्चिम युरोपातील ६ देशांनी १९५७ च्या रोम कराराने जकात संघाचा मार्ग धरला. त्यांच्या समाईक जकातीचा पाया म्हणजे आधीच्या जकातींची सरासरी. फ्रान्स आणि इटली यांना आपले चढे दर उतरवावे लागले, पश्चिम जर्मनी आणि नेदरलंड्स-बेल्जियम यांना आपले कमी दर चढवावे लागले. ‘एकंदरीने पाहता’ या शब्दांचा उपयोग येथे दिसून आला. सरासरीचे समर्थन कागदावर करता येते. पण ज्या तिऱ्हाइताचा माल आजवर कमी जकातीच्या दाराने आत येत होता, त्याला सरासरीने दिलासा मिळत नाही. कारखानदारी मालाच्या बाबतीत अमेरिकेने वाटाघाटींचा आग्रह धरला आणि १९६७ साली संपलेल्या केनेडी फेरीत औद्योगिक जकाती सरासरीने सुमारे एक-तृतीयांश उतरल्या. तेवढ्यापुरता हा संघ सर्वांच्याच जकाती उतरविण्यास निमित्त झाला असे म्हणता येते. शेतमालाची गोष्ट निराळी. अमेरिकेतील कोंबडीचे स्वस्त मांस पश्चिम जर्मनीत मोठ्या प्रमाणावर विकले जात होते. १९६२ च्या जुलैमध्ये समाईक शेतकी धोरणाची आकारणी लागू होताच त्यावरील भार अनेक पटींनी वाढला आणि तो व्यापार आटला. अमेरिकेने प्रत्युत्तरादाखल १९६३ च्या डिसेंबरमध्ये बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांवर चढी जकात जाहीर केली. ट्रकवरील २५ टक्क्यांची ती जकात कोंबड्यांचे भांडण विसरले गेल्यावरही अर्धशतकाहून अधिक काळ टिकून राहिली आणि तिची झळ पुढे जपानी मोटार-कारखान्यांना लागली. संरक्षण देणे सोपे, काढून घेणे कठीण, याचा असा नमुना क्वचितच आढळेल.

१९९० नंतर प्राधान्य करारांची संख्या झपाट्याने वाढली. हे करार जागतिक मुक्त व्यापाराकडे नेणारी पायरी ठरतील की त्या वाटेवरील धोंड, असा प्रश्न मुंबईत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांनी १९९१ साली उपस्थित केला आणि तो पुढे या विषयाचा मध्यवर्ती प्रश्न बनला. त्याला मिळालेली उत्तरे एकसारखी नाहीत.

लॅटिन अमेरिकेतील अनुभव बराच आशादायक आहे. अन्तोनी एस्तेवादेओर्दाल, कॅरोलिन फ्रॉइंड आणि एमान्युएल ओर्नेलास यांनी तेथील १० देशांच्या १९९० ते २००१ या काळातील जकातींचा उद्योगवार अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. ज्या उद्योगात भागीदाराला सवलत दिली गेली, त्याच उद्योगात पुढे तिऱ्हाइतांवरील जकातही उतरत गेल्याचे त्यांना आढळले. छत्रीच्या हिशेबात सुचविलेली वाट सरकारांनी खरोखरच धरली होती. मात्र हा परिणाम मुक्त व्यापार क्षेत्रांत दिसला. जकात संघांत दिसला नाही. त्याचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. जकात संघात ब्राझीलच्या कारखानदाराला अर्जेंटिनाचा बाजार राखून ठेवलेला असतो, आणि अर्जेंटिनाला बाह्य जकात उतरवावीशी वाटली तरी ब्राझीलची संमती लागते. १९९१ च्या असुन्सिओन कराराने स्थापन झालेल्या मेर्कोसूर या संघाने १९९५ पासून समाईक बाह्य जकात सुरू केली; १९९७ च्या अखेरीस आर्थिक अरिष्टाचे वारे वाहू लागताच ती सर्वांनी मिळून ३ टक्क्यांनी वाढविली. शेजारच्या चिलीने अनेक देशांशी करार केले, पण मेर्कोसूरचा पूर्ण सदस्य होण्याचे टाळले आणि आपली सरसकट ११ टक्क्यांची जकात दरवर्षी एकेक टक्का उतरवीत २००३ साली ६ टक्क्यांवर आणली. समाईक जकात स्वीकारली असती तर चिलीला हे करता आले नसते.

म्हणून मुक्त व्यापार क्षेत्रे नेहमीच हितकर, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. मेक्सिको १ जानेवारी १९९४ पासून अमेरिका आणि कॅनडा यांच्यासह उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार क्षेत्रात होता. त्या वर्षाच्या डिसेंबरात त्याचे चलन कोसळले. पूर्वीच्या काळी अशा प्रसंगी मेक्सिकोने सर्वांच्याच आयातीवर बंधने घातली असती. आता अमेरिकेचा दरवाजा करारामुळे बंद करता येत नव्हता. तेव्हा १९९५ साली कपडे, पादत्राणे, कातडी सामान अशा पाचशेवर वस्तूंवरील जकात ३५ टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आली, ती केवळ करारात नसलेल्या देशांपुरती. यात कोणताही आंतरराष्ट्रीय नियम मोडला गेला नाही, कारण मेक्सिकोने गॅटमध्ये कबूल केलेली कमाल मर्यादाच एवढी उंच होती. प्रत्यक्ष आकारलेली जकात आणि कबूल केलेली कमाल जकात यांत जितके अंतर अधिक, तितका तिऱ्हाइतांना धोका अधिक. अडचणीच्या वेळी घाव घालण्यास तेच मोकळे सापडतात.

श्रीमंत राष्ट्रांच्या बाबतीत आणखी एक कारण संभवते. त्यांचे करार पुष्कळदा लहान देशांशी असतात आणि सवलतीच्या मोबदल्यात त्यांना मालाऐवजी इतर काही हवे असते: मजुरीविषयीचे नियम, पेटंटविषयीचे कायदे, राजकीय सहकार्य. अशा वेळी सवलत हे एक प्रकारचे वेतन होय, आणि तिऱ्हाइतावरील जकात उतरविली की त्या वेतनाची किंमत घटते. नुनो लिमाओ यांनी अमेरिकेच्या जकातींची छाननी करून २००६ साली असे दाखविले की, उरुग्वे फेरीत अमेरिकेने इतर मालावरील जकाती जेवढ्या उतरविल्या, तेवढ्या सवलतीच्या मालावरील उतरविल्या नाहीत. युरोपविषयीही पुढे असाच निष्कर्ष निघाला.

युरोपातील केळ्यांचा वाद हे याचे ठळक उदाहरण मानावे लागेल. आफ्रिका आणि कॅरिबियन प्रदेशांतील जुन्या वसाहतींच्या केळ्यांना १९७५ च्या लोमे करारापासून युरोपात विशेष सवलत होती. इक्वेडोर, होन्डुरास आदी लॅटिन अमेरिकी देशांच्या स्वस्त केळ्यांवर मात्र बंधने होती. १९९३ साली ही बंधने साऱ्या युरोपीय बाजाराला लागू झाली. १९९७ साली जागतिक व्यापार संघटनेने ती नियमबाह्य ठरविली, तरी वाद मिटण्यास आणखी १२ वर्षे लागली. या काळात लॅटिन अमेरिकी केळ्यांवरील जकात चढी राहावी, असा आग्रह कॅरिबियन देश सातत्याने धरीत होते. त्यांना दोष देणे सोपे नाही. सेंट लूशियासारख्या बेटावरील डोंगरउतारावर दोन-चार एकरांत केळी पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा संसार त्या अंतरावरच उभा होता. इक्वेडोरच्या विस्तीर्ण मळ्यांशी बरोबरीने स्पर्धा करणे त्याला कधीच शक्य नव्हते. पण त्याच्या संसाराचा भार युरोपच्या तिजोरीऐवजी इक्वेडोरच्या मजुरावर आणि युरोपच्या ग्राहकावर टाकला गेला होता, हेही खरे. डिसेंबर २००९ च्या समझोत्याने जकात टनामागे १७६ युरोवरून टप्प्याटप्प्याने ११४ युरोवर आणण्याचे ठरले आणि सवलत गमावणाऱ्या देशांना आर्थिक साहाय्य देऊ करण्यात आले. हे साहाय्य १९९३ सालीच देता आले असते.

जकातीचा दर तसाच ठेवूनही तिऱ्हाइतापुढील भिंत उंच करता येते. मुक्त व्यापार क्षेत्रात प्रत्येक देशाची बाह्य जकात वेगळी असल्यामुळे सर्वांत कमी जकात असलेल्या देशातून माल आत आणून तो पुढे सरकविण्याचा मोह व्यापाऱ्यांना होतो. तो रोखण्यासाठी माल भागीदार देशातच तयार झाला आहे हे सिद्ध करण्याचे नियम केले जातात. त्यांना उगम-नियम म्हणतात. उत्तर अमेरिकेच्या करारात बहुतेक कपड्यांच्या बाबतीत असा नियम होता की कपडाच नव्हे, तर त्याचे सूतही त्याच तीन देशांत कातलेले असले पाहिजे. परिणाम असा झाला की, मेक्सिकोतील शिंप्याने आशियातील स्वस्त सूत वा कापड वापरले, तर त्याची अमेरिकेतील सवलत जाई. आशियाई सुतावरील जकात एका पैशानेही वाढली नव्हती, पण त्याचे गिऱ्हाईक तुटले.

उलट हे नियम सैल राहिले, तर देशाचे स्वतःचे संरक्षणच पाझरू लागते. भारताने हे खाद्यतेलाच्या बाबतीत अनुभवले आहे. श्रीलंकेशी डिसेंबर १९९८ मध्ये झालेला मुक्त व्यापार करार मार्च २००० मध्ये अमलात आला. भारतात पामतेलावर चढी जकात होती, श्रीलंकेत ती कमी होती. लवकरच श्रीलंकेत वनस्पती तुपाचे कारखाने उभे राहिले. बाहेरचे पामतेल तेथे उतरवून, त्याचे वनस्पती तूप करून ते जकातमुक्त भारतात येऊ लागले. भारतीय कारखानदारांनी ओरड केल्यावर या मालाच्या वार्षिक आयातीवर मर्यादा घालून घ्यावी लागली. पुढे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारान्वये हीच वाट नेपाळमार्गे उघडली. नेपाळात तेलासाठी पामची लागवड होत नाही. तरीही २०१९ च्या सुमारास शुद्ध केलेले पामतेल ही नेपाळच्या भारतातील निर्यातीची एक प्रमुख वस्तू होऊन बसली. भारताने खाद्यतेलावरील जकात वाढविली की सीमेपलीकडील शुद्धीकरण कारखान्यांचा नफा वाढे, आणि ती उतरविली की त्यांच्यापुढे संकट उभे राही. सप्टेंबर २०२० पासून भारताने सवलत मागणाऱ्या आयातदारावर मालाच्या उगमाची माहिती स्वतः बाळगण्याची आणि मागताच सादर करण्याची जबाबदारी टाकली आहे. परदेशी अधिकाऱ्याने दिलेला दाखला तेवढ्यावरच स्वीकारण्याची पद्धत तेव्हापासून राहिलेली नाही.